सर्दी न होण्याचं औषध

८ मार्च २०१६, मंगळवार
आज सकाळी सव्वासातला क्रेनच्या शिडीपाशी सगळ्यांबरोबर रांगेत उभा होतो आणि शिंक दाबत होतो. पहिली जीभ टाळूला लावून दाबली. दुसरी नाक चिमटून. तिसरीला गावच्या रवळनाथाचं नाव घेतलं. चौथी आली ती जहाजदुरुस्तीच्या यार्डभर ऐकू गेली असेल. सुपरवायझर सेल्वमने हातातला फॉर्म खाली केला. "परब. गो. सी डॉक्टर." सर्दी झालेल्याला क्रेनवर चढू देत नाहीत. सर्दीच्या गोळीने झोप येते, आणि खाली माणसं असतात. नियम बरोबरच आहे. पण वर्षभरातली ही सातवी एमसी, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरची रजा.

सुटल्यावर को अंकल मला क्लेमेंटीच्या मेडिकल हॉलमध्ये घेऊन गेले. को अंकल चौसष्ट वर्षांचे. बारा वर्षं तेच खाली उभे राहून वॉकीटॉकीवर मला वाट दाखवतात. मी वर, ते खाली. मेडिकल हॉल म्हणजे चिनी औषधांचं दुकान, मागच्या बाजूला पडदा लावून वैद्यबाई बसतात. त्यांना सगळे सिनसे म्हणतात. नाडी तीन बोटांनी बघितली, दोन्ही हातांची. जीभ बघितली. मग चिनीत बरंच बोलल्या. को अंकलनी एवढंच सांगितलं, "शी से युवर बॉडी नो डोअर. विंड कम इन, गो आऊट, लाइक कॉफी शॉप."

औषध सर्दी झाल्यावरचं नाही, सर्दी होऊच नये म्हणून रोज घ्यायचं. नावाचा अर्थ वाऱ्यापुढे लावलेला जेडचा पडदा. यात प्राण्याचं काही आहे का, असं मी दोनदा विचारलं. बाई हसल्या. तीन खण उघडून माझ्यापुढे ठेवले. तिन्हींत मुळं. माझ्यासमोर दळली.

पथ्य: बर्फ नाही. घाम आला असताना एसीपुढे उभं राहायचं नाही. मानेवर कायम रुमाल, वारा तिथून शिरतो. धुळीत मास्क.

९ मार्च
पहाटे देवासमोर डबा ठेवला, मग कोमट पाण्यातून पहिला चमचा. वास भाजलेल्या कुळथासारखा, शेवटी थोडी गोड चव. मुळं आहेत, म्हणजे उपासालाही चालेल.

प्राची शाळेला निघताना देवघराकडे बघून म्हणाली, "पपा, नाऊ गॉट चायनीज गॉड ऑल्सो आ?" सोळावं चालू आहे. ऑक्टोबरात ओ-लेव्हल, इथली दहावीची परीक्षा.

पुडी मोठी आहे, ती फ्रीजमध्ये राहील. दर रविवारी आठवड्यापुरती डब्यात काढून ठेवायचं काम बायकोने, सुनंदाने, आपणहून घेतलं.

२ एप्रिल
पुन्हा सर्दी. पुन्हा परत पाठवलं. सेल्वम वाईट माणूस नाही, पण आज नजर चुकवून बोलला. "वन मोअर, परब, अँड आय कॅनॉट राइट गुड थिंग फॉर युवर रिन्यूअल." पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, ऑक्टोबरपर्यंत. माझा गेला की सु.चा आणि प्रा.चा त्याच्याबरोबर. आणि परीक्षा त्याच महिन्यात.

घरी सांगितलं. सु. पोळी लाटत होती, लाटणं थांबलं.
"मग गोळी घेऊन चढा की."
म्हटलं, रोज सकाळी फॉर्म असतो. चौथा प्रश्न, झोप येणारं औषध घेतलं आहे का. घेतलं तर 'हो' लिहायचं. 'हो' लिहिलं की वर जायचं नाही.
"सगळे खरंच लिहितात?"
"मी लिहितो."
ती पुन्हा लाटायला लागली. पोळी करपली.

१७ एप्रिल, एकादशी
पंधरा दिवसांत एक शिंक नाही! भुकटी आता कडू लागते. सु. म्हणते नवी पुडी आहे, मुळं सारखी नसतात. असेल. मधातून घेतो.

देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं. बा रवळनाथा, परमुलखात आहे, श्वास मोकळा ठेव, पोरीची परीक्षा पार पाड. इथे 'होय महाराजा' म्हणायला कोण असणार. प्रा.ने आतल्या खोलीतून म्हटलं. हसत म्हटलं, पण म्हटलं.

२२ मे, रविवार
नाक कोरडं. दीड महिना पूर्ण हजेरी. यार्डात माझं नाव झालंय. को अंकल आणखी दोघांना सिनसेबाईंकडे घेऊन गेले, आणि मला पुढे करून सांगतात, "सी धिस मॅन. लास्ट टाइम नोज लाइक टॅप." त्यांचा आनंद माझ्यापेक्षा जास्त.

तोंड मात्र सुकतं. येताना बसमध्ये डोळा लागतो, दोनदा स्टॉप चुकला. पन्नाशी जवळ आली, दुसरं काय.

सु.ला हल्ली सारखी सर्दी. परवा तिसऱ्यांदा खालच्या क्लिनिकमध्ये जाऊन आली. मी म्हटलं माझी भुकटी घेऊन बघ. म्हणाली, "माझं मला बघू दे."

१२ जुलै, मंगळवार
लिहायला हात होत नाही.

पावणेदहा. डॉकमधून पंपाचं आवरण उचललं होतं, लोखंडी, माणसाच्या उंचीचं. को अंकलचा आवाज येत होता. स्लो. स्लो. मग होल्ड. 'होल्ड' ऐकू आला, पण पलीकडच्या काठावरून कोणी हाक मारावी तसा. माझे डोळे मिटलेले होते. किती वेळ ते माहीत नाही. एखादा श्वास असेल.

उघडले तेव्हा ते आवरण त्यांच्या अंगावर चाललं होतं. त्यांनी बाजूला उडी टाकली. टोपी घरंगळत डॉकच्या कडेपर्यंत गेली. मग उठले, गुडघा झटकला, वर बघून हात केला.
मी नुसतं सॉरी सॉरी म्हणत होतो.
"नेवर माइंड," वॉकीटॉकीवर म्हणाले. "विंड."

वारा नव्हता.

१५ जुलै
चौकशी झाली. वारा मोजायच्या यंत्रावर वारा नाही. सेल्वमने मला विचारलं, को ने होल्ड उशिरा दिला का? मी म्हटलं, "ऐकला तसा थांबवला." खोटं नाही. खरंही नाही. को अंकलना विचारलं तर म्हणाले, मेबी आय कॉल लेट, आय ओल्ड ऑलरेडी. त्यांना लेखी ताकीद मिळाली. त्या कागदावर साक्षीला माझी सही.

आज एकादशी. उपास केला. कशासाठी केला ते समजत नाही.

घरी काही सांगितलं नाही.

२४ जुलै, रविवार
जेवताना प्रा. फोनवर वाचत होती. कुठल्याशा चिनी भुकटीत विलायती गोळी मिसळलेली सापडली म्हणे. "पपा, युवर वन मेबी ऑल्सो लाइक दॅट. यू ऑल्वेज स्लीपी व्हॉट."

घास हातातच राहिला. कडू चव. सुकलेलं तोंड. बस. बारा तारीख. सगळं ओळीने लागलं. म्हणजे चार महिने मी चौथ्या प्रश्नावर 'नाही' लिहून वर चढत होतो आणि ते 'नाही' खोटं होतं.

खरं लिहायचं तर मला राग आला त्याआधी बरं वाटलं. झोप माझी नव्हती. कोणीतरी घातलेली होती.

सु. उठून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

२६ जुलै
कँटीनमध्ये को अंकलच्या समोर जाऊन उभा राहिलो. बसलो नाही. जे मनात दोन दिवस घोळत होतं ते सगळं बोललो, तुमच्या बाईने मला फसवलं, तुम्हाला ठाऊक होतं, तुमचं कमिशन असेल. कमिशन हा शब्द मी वापरला. आजूबाजूचे खायचे थांबले.

को अंकलनी हातातल्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. "ट्वेल्व्ह इयर्स आय स्टँड अंडर युवर हुक, परब. आय एव्हर लुक अप?"

कधीच बघितलं नाही. वर न बघता खाली उभं राहायचं, हेच त्यांचं काम.

"सॅटरडे यू कम," म्हणाले. "ब्रिंग द टिन."

३० जुलै, शनिवार
डबा पिशवीत घालून नेला. आज एकादशी, पोटात पाणी फक्त. सिनसेबाईंनी बोटाच्या टोकावर भुकटी घेऊन जिभेला लावली आणि लगेच कागदात थुंकली. मग तेच तीन खण उघडले, माझ्यासमोर दळलं, चमचा पुढे केला. घेतली. भाजलेला कुळीथ. शेवटी गोड.

मार्चात अशीच होती. मी विसरलोच होतो.

बाई बोलायला लागल्या, आवाज चढत गेला. को अंकल सांगताना भिंतीकडे बघत होते. "शी से हर मेडिसिन नॉट बिटर. शी से इनसाइड गॉट वेस्टर्न टॅब्लेट. नॉट हर वन. यू थिंक शी डू, यू कॉल पोलीस, शी वेट हिअर." आणि आणखी एक. माझं नाक गळतं ती बहुतेक सर्दीच नाही, यार्डातल्या रंगाची नि गंजाची धूळ आहे. मास्क लाव म्हणून तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मास्कने गुदमरतं म्हणून मी लावला नाही, रुमाल तेवढा बांधला.

बाहेर आल्यावर को अंकलनी विचारलं, "सो हू पुट?"
म्हटलं, माहीत नाही.
तेव्हा खरंच नव्हतं. पण डबा कोण भरतं ते माहीत होतं.

३१ जुलै, रविवार
नैवेद्याच्या शिऱ्याला वेलची हवी होती. सु. बाजारात. मसाल्याचा खण उघडला. ती वेलची, लवंग, जायफळ सगळं क्लिनिकच्या छोट्या पारदर्शक पिशव्यांत ठेवते, गोळ्या संपल्या की पिशवी वाया घालवत नाही. इतकी वर्षं बघतो आहे, कधी वाचलं नव्हतं. आज वाचलं. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी. तिचं नाव. तारीख. एप्रिल, एप्रिल, मे, मे, जून, जुलै, जुलै. सर्दीची गोळी, दिवसातून तीनदा. खाली: झोप येऊ शकते, यंत्र चालवू नये.

सात पिशव्या. या वर्षात तिला मी एकदाही शिंकताना ऐकलेलं नाही.

शिरा वेलचीशिवाय केला. देवाला दाखवला. मी खाल्ला नाही.

१ ऑगस्ट
काल ती आली तेव्हा सातही पिशव्या टेबलावर ओळीने मांडलेल्या होत्या. वेलची-लवंगांसकट. बघितल्या. भाजीची पिशवी खाली ठेवली. नाही म्हणाली नाही.

"रोज एक. पिवळी असते ती. वाटून घातली. भुकटी पण पिवळीच."
मी विचारलं, कधीपासून.
"तुम्ही परत आलात त्या दिवसापासून. दोन एप्रिल."
मी म्हटलं, तुला चौथा प्रश्न सांगितला होता.
"म्हणूनच तुम्हाला सांगितलं नाही." हे ती अगदी सरळ म्हणाली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं तोवर तुम्ही खरंच लिहीत होता. खोटं माझ्याकडे होतं. मी घेतलं होतं ते माझ्यावर. काय बिघडलं?"

तेव्हा मी तिला बारा जुलै सांगितला. पहिल्यांदाच. ती खाली बसली. "को अंकलना लागलं?" म्हणाली. गुडघा, म्हटलं.  मग, "तुम्ही हे वीस दिवस माझ्यापासून लपवलंत?"

रागावली की ती मालवणीवर येते. "तुमचा सत्य तुमच्याकडे ठेवा. माका माझ्या चेडवाचा बघूचा हा."

ती पोरगी माझी पण आहे.

२ ऑगस्ट
आता डबा रिकामा. फॉर्मवर 'नाही' लिहिलं ते आज खरं. एवढ्यावर सोडून दिलं तर? पुढचं सगळं खरं, मागचं कोणाला माहीत नाही.

एप्रिलपासून रोज दिवा लावताना श्वास मोकळा ठेवल्याबद्दल आभार मानले. कोणाचे मानले? देवाने ते घेतले की परत केले? कोणापाशी बोलण्यासारखं नाही.

६ ऑगस्ट
आमटी समोर आली की आधी वास घेतो. मुद्दाम नाही, होतं. चहा स्वतः करतो. काल तिने ताकाचा पेला ठेवला, मी उचलायच्या आधी तळाशी बघितलं. तिने ते बघितलं. पेला उचलून ती अर्धं ताक स्वतः प्यायली आणि उरलेलं तिने परत माझ्यापुढे ठेवलं.

लग्नाला एकवीस वर्षं. या बाईने वाढलेलं कधी बघून खाल्लं नव्हतं. को अंकल वर बघत नाहीत तसंच. बहुतेक तेच मोडलं, गोळ्यांपेक्षा.

प्रा. दोघांकडे बघते. "यू टू फायटिंग इज इट? फाइट सॉफ्टली, आय गॉट मॅथ्स."

१३ ऑगस्ट
शिंका सुरू. मास्क लावतो, कमी होतात, थांबत नाहीत. गुरुवारी रांगेत दोन आल्या, सेल्वमने बघून न बघितल्यासारखं केलं.

वाईट बातमी दुसरी. को अंकलचं वय झाल्यामुळे त्यांना दरवर्षी नवीन कॉन्ट्रॅक्ट मिळतं. या सप्टेंबरअखेर मिळणार नाही. कारण ताकीद. सिग्नल उशिरा दिला. मला हे ओझी बांधणाऱ्या दुसऱ्या एका रिगरकडून कळलं. को अंकल माझ्याशी आता कामापुरतंच बोलतात. स्लो, होल्ड, ओके. 'परब आ, नेक कव्हर ऑर नॉट' नाही. जेवायला लांबच्या टेबलावर बसतात.

त्यांना मी फसवणारा म्हटलं. चारचौघांत.

१८ ऑगस्ट
संध्याकाळी सु.चा चेहरा मोकळा. गावी फोन केला होता, माझ्या दादाला. दादाने देवळात जाऊन कौल लावून घेतला. पाषाणावर तांदूळ लावले, उजवा पडला, म्हणजे देवाचा होकार. "देवाने सांगितलं. आता तुम्ही गप्प राहा. कुणाला काही सांगू नका."

हात जोडले. देवाचा शब्द म्हटल्यावर काय बोलणार. महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या हातचं पोटभर जेवलो.

२० ऑगस्ट, शनिवार
मन राहिना. दादाला मीच फोन लावला. कौल लावताना प्रश्न काय घातला?
"सुनंदाने सांगितला तोच. भावाची नोकरी टिकेल काय?"
"एवढाच?"
"एवढाच. अजून काय विचारायचं होतं?"

एवढाच. गप्प राहू का, हे देवाला कुणी विचारलंच नाही. को अंकलचं नाव पण देवापुढे गेलं नाही. माणसाच्या डब्यात घातलं ते घातलं, आता देवाच्या तोंडात.

दादा म्हणाला, हवा तर पुन्हा लावतो, बरोबर प्रश्न सांग. प्रश्न जिभेवर होता. सांगितला नाही. डावा पडला असता तर? उजवा पडला असता तरी को अंकलपुढे जाऊन मी काय सांगणार होतो, माझ्या गावच्या देवाने तुमची नोकरी जाऊ द्यायला सांगितलं?

नको म्हटलं. राहू दे.

सु.ला विचारलं. म्हणाली, "मोठा प्रश्न घालायला भीती वाटली."

२७ ऑगस्ट, शनिवार
ब्लॉकखालच्या दगडी टेबलावर बसून पत्र लिहिलं. तीन कागद फाडले. माझं इंग्रजी शाळेत आठवीपर्यंतचं, पुढचं सगळं जहाजावरचं. शेवटी प्रा.ला खाली बोलावलं. आधी ठरवलं होतं तिला दाखवायचं नाही. पण दुसरं कोण आहे.

तिने वाचलं. बारा जुलैला मी झोपलो होतो. को ने वेळेवर सांगितलं होतं. एप्रिलपासून माझ्या औषधात झोपेची गोळी होती, ती माझ्या घरात मिसळली गेली, मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. को ची ताकीद मागे घ्यावी.

"मम्मी?" एवढंच म्हणाली.
मी मान हलवली.
"देन माय ओ-लेव्हल हाऊ?"
मी म्हटलं, पास ऑक्टोबरअखेरपर्यंत आहे. त्याआधी काढला तर काय होईल ते ठाऊक नाही. तुला खोटं सांगणार नाही.
"यू ऑलरेडी डिसाइड, राइट? देन व्हाय आस्क मी."
मग पेन घेतलं आणि चार ठिकाणी दुरुस्त केलं. वर जाऊन टाइप करून आणलं. डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणाली, "आय जस्ट हॅव कोल्ड, ओके?"

२८ ऑगस्ट, एकादशी
सु.ने पत्र हातात घेतलं नाही. लांबूनच विचारलं, "माझं नाव घातलंत?"
"नाही. 'घरात' लिहिलंय."
"घरात म्हणजे मीच."
"माझ्या घरात. मी पण घरातच राहतो."
हसली की काय कळलं नाही. म्हणाली, "मी केलं ते पुन्हा केलं असतं. हे पण लिहा." मग म्हणाली, "कोच्या बायकोला माझ्याकडून काहीतरी करून नेता का? खोबऱ्याच्या वड्या?" मी म्हटलं, आता तुझ्या हातचं तिथे कोण खाणार. बोलायला नको होतं. बोललो. ती गॅलरीत दोरीवरचे कपडे काढायला गेली, कपडे अजून ओले होते.

२९ ऑगस्ट
पत्र खिशात. दिवसभर खिशातच. सेल्वमच्या खोलीपर्यंत तीनदा गेलो, तिसऱ्यांदा त्याने विचारलं काय हवंय, मी म्हटलं मास्क संपले. नवीन मास्कांचा खोका घेऊन परत आलो. घामाने कागदावरची शाई पसरली.

प्रा.ने पुन्हा छापून दिलं. दोन प्रती. "जस्ट इन केस यू चिकन आऊट अगेन."

३० ऑगस्ट, मंगळवार
दिलं.

आधी को अंकल. सकाळी सातला ते ओझं बांधायची स्लिंग तपासत बसले होते. जवळ जाऊन सगळं सांगितलं, झोप, गोळ्या, सु. कँटीनमध्ये बोललो त्याची माफी मागितली, हात जोडून. ते स्लिंगची तार बोटाने चाचपत राहिले. मला वाटलं ऐकत नाहीत.

"युवर वाइफ," म्हणाले, "शी स्केअर्ड आ?"
"येस."
"माय मदर लास्ट टाइम पुट टेंपल अॅश इन माय कॉफी. आय ऑल्सो डोंट नो." स्लिंगची दुसरी बाजू वर घेतली. "बट अॅश नो स्लीप."
मी हसलो नाही. ते पण नाही.
"यू शाऊट ॲट मी इन फ्रंट ऑफ एव्हरीबडी."
"येस."
"यू साइन माय वॉर्निंग."
"येस."
"गो टेल हिम. देन वी सी." आणि उठून गेले. माफ केलं असं म्हणाले नाहीत. म्हणावं अशी माझी अपेक्षा नव्हती, तरी थोडी होती.

रांगेत फॉर्म आला. नेहमीच्या जागी सही केली नाही. फॉर्म कोरा आणि वर पत्र, असं सेल्वमच्या हातात ठेवलं. त्याने उभ्या उभ्या वाचलं. मागचे लोक थांबले होते. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "परब," म्हणाला, "यू नो व्हॉट धिस मीन्स फॉर यू?"
म्हटलं, हो. को चं आधी बघा.
"हू मिक्स?"
"इन माय हाऊस."
पुढे विचारलं नाही. माझ्याकडून क्रेनच्या केबिनची किल्ली मागून घेतली आणि फोन करायला आत गेला. जाताना म्हणाला, "सिट आऊटसाइड. डोंट गो होम."

बाहेर बाकावर बसून हे लिहितो आहे. नऊ वाजून गेले. आतून कोणी बोलावलेलं नाही. सु.चे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत, उचलून काय सांगायचं ते मलाच ठाऊक नाही. एकदा शिंक आली. दाबली नाही.